निवडलेली तिखाडी

गेल्या आठवड्यात एका सकाळी प्रयोगशाळेच्या मागच्या ओट्यावर दोन पोती येऊन पडली. शिवण उसवायची होती, पण मी पाच पावलांवरच थांबले. तागाच्या विणीतून वास झिरपत होता. थोडा गुलाबाचा, थोडा आल्याचा, आणि त्या दोन्हींच्या खाली उन्हात तापलेल्या दगडाचा. हा खालचा वास फक्त आमच्याकडच्या तिखाडीला असतो, असं माझं म्हणणं आहे. यंत्रावर तो दिसत नाही. यंत्र चालवणारे बिष्टजी म्हणतात, यंत्रावर जे येत नाही ते नसतंच. मी वाद घालत नाही. यंत्र त्यांचं आहे.

पोत्यांवर कोमलने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. एकावर 'टेकडी', दुसऱ्यावर 'नाला'. कोमल ही आमच्या मॅडमची नवी विद्यार्थिनी, नांदेडची. दसऱ्याला घरी गेली होती, तेव्हा हिंगोलीकडच्या पुसेगावच्या पुढे आमच्या गावापर्यंत जाऊन, माझ्या भावाला सोबत घेऊन तिने हे गवत कापून आणलं. "ताई, तुमच्या आईने जेवल्याशिवाय सोडलंच नाही," म्हणाली. मी पोती आत नेली, पण एकदम नाही. आधी एक नेलं, हात धुतले, मग दुसरं. ही दोन गवतं एका वेळी हातात धरायची मला बारा वर्षांत हिंमत झालेली नाही.

तिखाडी म्हणजे काही मोठं नाव असलेलं झाड नव्हे. माळावरचं गवत आहे. शहरातले लोक त्याच्या तेलाला रोशाचं तेल म्हणतात, ते साबणात जातं, अत्तरात जातं, गुडघ्याला चोळायच्या औषधात जातं. आमच्याकडे ते मेंढरांच्या पायाखाली जातं. फार तर माय एखादी मूठ उकळून त्या पाण्याने बाळंतिणीला अंघोळ घालायची. त्या घरासमोरून जाणाऱ्याला आत लेकरू झालंय हे वासावरूनच कळायचं.

डेहराडूनला आता थंडी उतरू लागली आहे. सकाळी नळाच्या पाण्याला हात लावला की बोटं दुखतात. याच दिवसांत तिकडे, हिंगोलीकडे, सोयाबीनची काढणी चाललेली असते. मळणीयंत्रं दिवसभर घुरघुरत राहतात, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या भुवयासुद्धा पिवळ्या होतात. हळदीची रानं तेवढी कमरेएवढी हिरवी उभी असतात. आणि या सगळ्या धुरळ्याच्या वर, कुणीच न पेरलेली तिखाडी टेकड्यांवर फुलोऱ्यावर येते. आधी नुसती टोकं किरमिजी होतात. मग आठ दिवसांत सगळी चढण घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखी दिसायला लागते. मेंढरं कोवळी तिखाडी खातात, फुलोऱ्यावर आली की तोंड लावत नाहीत. नुसती तिच्यातून चालून येतात. तरी त्यांच्या पोटाखालची लोकर त्या वासाने भरून येते, आणि मेंढरं कोंडायच्या आमच्या वाडग्यात वर्षातले तेवढेच पंधरा-वीस दिवस लेंड्यांचा वास हरतो.

मी सातवीनंतर शाळा सोडली. आठवीला पुसेगावला जावं लागायचं, आणि मेंढरं त्याच वाटेने उलट्या दिशेला जायची. कुणी जबरदस्ती केली नाही. एका सोमवारी दप्तर खुंटीवरून काढलं नाही, मंगळवारीही नाही, एवढंच. पुढे लग्न झालं, आणि चार वर्षांनी मी परत माहेरी आले. ती हकीकत या लिखाणात बसत नाही. पाहुणे आले की भावजय माझी ओळख करून द्यायची, "या आमच्या वन्सं. इथंच असत्यात." आणि 'इथंच' म्हटल्यावर पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी जरा थांबायची. ती वाईट बाई नव्हती. घर दोन खोल्यांचं होतं.

त्या घरात नीलिमा मॅडम आल्या. तेव्हा त्या कुणाच्या मॅडम नव्हत्या. तिशीतली, संशोधन करणारी, पायात पुरुषी बूट घातलेली बाई. काम डेहराडूनच्या प्रयोगशाळेत, माहेर पुण्याचं. टेकड्या हिंडायला सोबत एखादी बाई हवी म्हणून कुणीतरी त्यांना आमचं घर दाखवलं. पारावरच्या म्हाताऱ्यांना करमणूक झाली. त्यातल्या एकाने विचारलंच, "पुण्याकडं गवत उगवत न्हाई काय वो बाई?" मॅडम म्हणाल्या, "उगवतं, पण त्याला नाकात जायची अक्कल नाही." म्हातारा दिवसभर हे वाक्य गावात सांगत फिरला.

टेकडी चढताना मॅडम मला समजावून सांगायच्या. मी विचारत नव्हते तरी सांगायच्या. तिखाडी दोन जातींची. एक टेकडीवर, मुरमाड जमिनीत, ठोंब सुटे-सुटे. दुसरी नाल्याकाठी, ओलीत, दाट. दिसायला सारख्याच. पण टेकडीवरच्या तिखाडीच्या तेलात गुलाबाचा वास देणारं द्रव्य भरपूर असतं, नाल्याकाठच्या तिखाडीत ते कमी आणि भलतंच काहीतरी जास्त. गवत कापणारे आणि भट्टी लावणारे दोन्ही एकात घालतात, मग तेल कशाचंच राहत नाही. मॅडमला दोन्हींच्या पानांत, दांड्यांत, फुलोऱ्यात काय काय आहे ते वेगवेगळं तपासायचं होतं. त्यासाठी गवत शुद्ध हवं. एकाच टेकडीचं, एकाच नाल्याचं, ऐन फुलोऱ्यातलं.

आधीचे दोन हंगाम वाया गेले होते. पहिल्या वर्षी फुलोऱ्यावर पाऊस पडला. दुसऱ्या वर्षी गवत ओलसर असतानाच पोत्यांत भरलं आणि ते रेल्वेत कुजलं. हा तिसरा आणि शेवटचा, कारण पुढच्या वर्षी त्यांची मुदत संपत होती. मोज्यातली कुसळं काढता काढता त्या म्हणाल्या होत्या, "हे गेलं की सगळं गेलं, मंगल." बस चुकली असं एखाद्याने सांगावं, तसं म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मला माणसाचं असं ऐकलं की घाम येतो.

आता जुडीचं सांगते. आमच्या घरात गवताची जुडी बांधताना दोन्ही हात दोन बाजूंना चालतात. उजवीकडे एक ढीग, डावीकडे एक. एकात राठ गवत, एकात मऊ. दोन्हीकडून मूठ-मूठ घ्यायची, एकात एक घालायची, बुडाशी पिळा मारायचा. नुसत्या मऊ गवताची जुडी बांधली तर घरी ठेवलेली आजारी मेंढी तेवढंच खाते आणि राठ पायाखाली तुडवते. मिसळून दिलं की तिला निवडता येत नाही, मुकाट सगळं खाते. हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. शेजारणीशी बोलत, चुलीवर नजर ठेवत, आम्ही जुड्या बांधतो. त्यात डोकं लागत नाही.

शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत कापणी झाली. अंगणात लिंबाखाली दोन ढीग घातले, मधे दोन हात जागा सोडून. मॅडमला जीप आणि कापडी पिशव्या बघायला हिंगोलीला जायचं होतं, त्या दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होत्या. जाताना म्हणाल्या, "दोन्हींच्या जुड्या बांधून ठेवशील का? सैल बांध, हवा लागली पाहिजे." ठेवशील का. त्या घरात मला कुणी 'का' लावून काम सांगितल्याला बरेच दिवस झाले होते. मला वाटलं, अशा जुड्या बांधू की बाईने बघत राहावं.

मी दोन ढिगांच्या मधल्या दोन हात जागेत बसले.

अकरावी जुडी बाजूला ठेवताना माझं लक्ष गेलं. दोन्ही ढीग सारखेच उतरून तळाला आले होते. मी हातातल्या जुडीकडे बघितलं, मग बांधलेल्या दहांकडे. किती सुरेख बांधल्या होत्या. पिळा कसा एकसारखा. कानात मळणीयंत्राचा आवाज एकदम मोठा झाला.

माय पलीकडे कोकराला दूध पाजत होती. तिने विचारलं, "काय करून राहिली तू?" मी काहीच करत नव्हते, तेच तिला दिसलं असावं. मी सांगितलं. टेकडीवरचं आणि नाल्याचं एक झालं, मॅडमचं तीन वर्षांचं गेलं, सकाळी जीप येणार आहे. माय उठून आली. रागावली नाही. एक जुडी उचलून तिने पिळा सोडला, एक काडी घेतली, तिचं फुलाचं टोक अंगठ्याखाली चुरलं आणि नाकाशी नेलं. मग काडी उजवीकडे टाकली. दुसरी चुरली, ती डावीकडे. "बस," म्हणाली, "रडायला टाइम न्हाई."

तेव्हा मी रडत होते हे मला त्या शब्दाने कळलं.

ती दुपार मला वासासकट आठवते, आणि वास नसलेला तिचा एक भागही आठवतो, कारण शंभरेक काड्यांनंतर माझं नाक बंद पडलं. सगळंच सारखं यायला लागलं. मायला मात्र फरक पडत नव्हता. थोड्या थोड्या वेळाने ती कोकराला मांडीवर ओढायची, त्याच्या पाठीच्या लोकरीत नाक खुपसून दोन श्वास घ्यायची आणि परत काड्यांकडे वळायची. "नाकाला इसावा लागतो," म्हणाली. पुढे खूप वर्षांनी आमच्या प्रयोगशाळेत अत्तराचा एक जाणकार आला होता. कागदाच्या पट्ट्या हुंगताना तो मधे मधे स्वतःच्या शर्टाच्या बाहीत नाक घालायचा. सगळे कौतुकाने बघत होते. मी मनात म्हटलं, कोकरू आणायला हवं होतं.

दिवस कलला तशी मेंढरं आली. ती वाडग्यात घालायला माय उठली. एक जुडी उरली होती, अकरावी, ती मी एकटीने निवडली. नाक बंद असताना निवडली. दिसण्यावरून, अंदाजाने, देवाचं नाव घेऊन. मग घागर घेऊन पाण्याला गेले, कारण तिथे बसवेना. परत आले तेव्हा दोन्ही ढीग आवरलेले होते, मधे पुन्हा दोन हात जागा. मायने तिच्या हाताने जुड्या बांधल्या होत्या, इकडच्या इकडे, तिकडच्या तिकडे. "एकबी काडी इकडची तिकडं न्हाई," म्हणाली. मी विचारलं, मॅडमना सांगायचं का. "काय सांगायचं? निवडलं की."

सकाळी मॅडम आल्या. जुड्या बघून खूश झाल्या. जीपवाला मुसलमान चाचा एक तुरा शर्टाच्या कॉलरवर घासत म्हणाला, आता महिनाभर कपडे धुवायची तकलीफ नाही. मॅडमनी नोंदवही काढली. गवत कुठलं, कधी कापलं, कुणी निवडलं, असे रकाने होते. 'कुणी निवडलं' पुढे त्यांनी माझं नाव लिहिलं आणि मला दाखवलं. मी मान हलवली. तोंड उघडायला तेवढा एक क्षण होता. जीप सुरू झाली.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला, गवत तोलायला माणूस हवं होतं, आणि त्यांना गवत ओळखणारं माणूस हवं होतं. "येशील का?" भावजयीने स्वतः माझ्या दोन साड्यांना फॉल लावून दिला. निघताना डोळ्याला पदर लावला, आणि मला वाटतं तो खरा होता. मी हिंगोलीच्या स्टेशनवरून पहिल्यांदा एवढ्या लांबच्या गाडीत बसले. मनात एकच होतं. ज्या कामासाठी मला उचललं, त्याच कामात माझी चूक आहे.

कृतज्ञता आणि भीती एकाच भांड्यात ठेवली की काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. मी बारा वर्षांत एकही चंबू फोडलेला नाही. प्रत्येक नमुन्याची चिठ्ठी दोनदा वाचते, मग परत येऊन तिसऱ्यांदा. लोक याला निष्ठा म्हणतात.

काम मात्र मला आवडलं, हे लिहिलं पाहिजे. आधी वर्षभर नुसती भांडी धुतली. मग तेल काढायला शिकले. गोल बुडाच्या चंबूत गवत आणि पाणी घालायचं, खालून बेताची उष्णता द्यायची. वाफ वर चढते, गार नळीत जाऊन पाणी होते, आणि त्या पाण्यावर तेलाचा एक फिकट पिवळा पदर साचत जातो. गवताच्या ढिगातून करंगळीच्या पेरात मावेल एवढं तेल. तीन तास मी त्याच्यासमोर स्टुलावर बसते. वाडग्याच्या दारात बसल्यासारखं असतं, नजर हलवायची नाही. उरलेल्या पानांचा अर्क काढून तोही तपासतात. थोड्या अर्कात लोहाच्या औषधाचा थेंब टाकला की तो काळपट हिरवा होतो, बाभळीच्या सालीवर विळा ठेवला की पातं काळवंडतं तसा. मॅडम म्हणाल्या दोन्हीचं कारण एकच, तुरट द्रव्य. मला बरं वाटलं. बाभूळ इथपर्यंत आली होती.

तेल मग बिष्टजींच्या खोलीत जातं. तिथे थंड हवेत यंत्र आहे. त्यात तेलाचा थेंब सोडला की त्यातलं एकेक द्रव्य आपापल्या वेळेला बाहेर पडतं, आणि कागदावर प्रत्येकाची एक टेकडी उठते. जास्त असेल तर उंच, कमी असेल तर ठेंगणी. बिष्टजींना वाटलं मला हे समजायला जड जाईल. पण मी आयुष्यभर वाडग्याच्या अरुंद दारातून मेंढरं बाहेर पडताना मोजली आहेत. पुढे कोण येणार, तिच्या मागे कोण, हे ठरलेलं असतं. एखादी अनोळखी मेंढी मधे घुसली तर न मोजताही कळतं.

मॅडमच्या कागदावर ती घुसली होती. टेकडीवरच्या तिखाडीच्या तेलात, गुलाबाच्या वासाच्या उंच टेकडीच्या थोडं पुढे, एक ठेंगणी टेकडी. कुठल्याच जुन्या नोंदीशी तिचा मेळ बसेना. मॅडमनी त्यांच्या प्रबंधात बाकी सगळ्यांची नावं लिहिली आणि तिच्यापुढे लिहिलं, 'ओळख पटली नाही'. त्यांना पदवी मिळाली, नोकरी मिळाली, त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. पेढा देताना मला म्हणाल्या, तुझ्या गवतामुळे. मी पेढा खाल्ला.

मला त्या ठेंगण्या टेकडीची ओळख पटली होती. ती माझी अकरावी जुडी होती. नाल्याचा कागद शेजारी ठेवून ताडून बघता आलं असतं, पण दोन्ही कागद मॅडमच्या कपाटात, आणि मागितले तर काहून मागते असं विचारतील. त्यापेक्षा दर वर्षी हा हंगाम आला की आठ दिवस अन्न गोड न लागणं सोपं होतं.

यंदा मॅडमनी कोमलला विषय दिला. ती अनोळखी टेकडी कशाची, ते शोधायचं. तीन वर्षांचं काम. पोरगी इतकी आनंदली होती की तिने तो जुना कागद मोठा करून आपल्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवला. रोज सकाळी फरशी पुसायला बाई येते, ती गेली की मी टेबलं पुसते. त्या टेबलाशी माझा हात थांबायचा. तीन वर्षं ही पोरगी माझी चूक शोधत बसणार, आणि शेवटी तिला सापडेल की नाल्याचं गवत टेकडीच्या गवतात पडलं होतं. एखाद्याचे तीन हंगाम जाताना मी एकदा बघितले आहेत.

पोती आली त्याच सकाळी मी मॅडमच्या खोलीत गेले. त्या चष्मा पुसत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. जुडीची रीत, दोन ढीग, माय, कोकरू, शेवटची जुडी. मधे त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मग पूर्ण वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं होतं त्या म्हणतील, अगं एवढंच ना. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"बारा वर्षं?" म्हणाल्या.

"व्हय." इतक्या वर्षांत मी त्यांच्यासमोर घरचं 'व्हय' वापरलेलं नव्हतं.

त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. बाहेर माळी पानं गोळा करत होता. मी माझ्या खोलीतल्या ट्रंकेचा विचार करत होते, किती सामान आहे, एका फेरीत जाईल का. मग त्यांनी विचारलं, "किती काड्या चुकल्या असतील?"

मला माहीत नव्हतं. मी तेच सांगितलं.

"मग मिसळून बघू," त्या म्हणाल्या. आवाज कोरडाच होता. "तू म्हणतेस ते खरं की नाही, हे तुझ्या सांगण्यावरून ठरत नाही."

हे वाक्य मी नंतर पुष्कळ वेळा मनात फिरवून बघितलं. एवढी वर्षं मी पाप म्हणून जे सांभाळलं होतं, ते त्यांच्या टेबलावर आल्याबरोबर एक शंका झालं होतं, आणि शंकेला चंबू लागतो.

कोमलने आपल्या पद्धतीने तीन नमुने केले. एक निव्वळ टेकडीचा. दुसऱ्यात नाल्याच्या पाच काड्या. तिसऱ्यात मूठभर. तिने त्यांना नुसते आकडे दिले, कुठला कोणता ते मलाही सांगितलं नाही, बिष्टजींनाही नाही. मी तीन दिवस तीन चंबू चालवले. तेल साचताना नाक पुढे करायचा मोह होत होता. केलं नाही. मायचं नाक माझ्याकडे आलेलं नाही, हे त्या दुपारीच ठरलं होतं.

चौथ्या दिवशी बिष्टजींनी तीन नवे कागद आणि बारा वर्षांपूर्वीचे दोन असे पाचही टेबलावर मांडले. मॅडम, कोमल आणि मी. कोमलने आकडे उघड केले. निव्वळ टेकडीच्या तेलातही ती ठेंगणी टेकडी होती. तीच जागा, जवळपास तेवढीच उंची. तिच्यात नाल्याची एक काडी नव्हती. मिसळलेल्या दोन्हींत ती होतीच, आणि शिवाय आणखी एक उठली होती, बरीच पुढे. पाच काड्यांची दिसेल न दिसेल अशी, मुठीची चांगली उंच. ती नाल्याची खूण. बिष्टजींनी जुन्या कागदावर त्या जागी पेन्सिलीचं टोक ठेवलं. तिथे रेघ सपाट होती. सारवलेल्या अंगणासारखी.

"जुन्या नमुन्यात पाच काड्यांइतकीही भेसळ नाही," मॅडम म्हणाल्या. मग कोमलला म्हणाल्या, "तुझा विषय शाबूत आहे." जाताना दारात थांबून मला एवढंच म्हणाल्या, "नोंदवहीत नीट लिहून ठेव. जे झालं ते सगळं."

मी ओट्यावर येऊन बसले. मला हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी चमत्कारिक वाटत होतं, एखादं ओझं डोक्यावरून उतरवलं आणि मान तशीच वाकडी राहिली, तसं. आणि एक कोडंही होतं. शेवटची जुडी मी बंद नाकाने निवडली होती. ती बिनचूक कशी?

दुपारी मायला फोन लावला. मागे मेंढरांचा आवाज येत होता, म्हणजे ती माळावर होती. मी सांगितलं की त्या दिवशीच्या काड्यांचा निकाल लागला, सगळं बराबर होतं.

"कोणत्या काड्या?"

मी आठवण दिली. लिंबाखालची तिखाडी, मॅडमची.

"मंग? बराबरच व्हत्या. मी सांगितलं व्हतं तुला."

मी म्हटलं, अगं, पण शेवटची जुडी मी एकटीने निवडली होती, तू वाडग्यात गेली होतीस.

"ती मी परत निवडली. तू पाण्याला गेलती तवा." कुत्र्याला काहीतरी ओरडून ती परत फोनवर आली. "सात काड्या चुकल्या व्हत्या तुझ्या."

"काहून सांगितलं न्हाई मग?"

"सांगून काय करायचं व्हतं? निवडून झालं व्हतं." मग तिने विचारलं, तिकडे थंडी पडली का, आणि स्वेटर जुनाच घालते की नवा घेतला.

आज सकाळी मॅडमच्या कपाटातून ती जुनी नोंदवही काढून घेतली. आमच्याकडे नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, आणि शेजारी बरोबर ते लिहून सही करायची. हा नियम मला पहिल्यापासून आवडतो. मी लिहिलं की अकरा जुड्यांत दोन्ही गवतं मिसळली गेली होती, त्याच दिवशी एकेक काडी हुंगून वेगळी केली, त्यात सात चुकल्या, त्या पुन्हा निवडल्या. मग 'कुणी निवडलं' या रकान्यात आले. माझ्या नावावर एक रेघ मारली. नाव खालून वाचता येतं. शेजारी मायचं पूर्ण नाव लिहिलं. गोदावरी, तिच्या नवऱ्याचं नाव, आडनाव. लिहिताना लक्षात आलं की तिचं नाव मी याआधी कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.

खाली सही माझी केली. वही आत ठेवायला निघाले, तर दोन्ही तळव्यांना वास येत होता, टेकडीचा आणि नाल्याचाही. सकाळी दोन्ही पोती मी एकाच फेरीत उचलून फळीवर ठेवली होती.